लँडर वर आला, पण चेंबरमधला ऑक्सिजन उतरलाच नाही

समुद्राच्या तळावरचा गाळ पाण्यातून काय ओढून घेतो आणि पाण्यात काय सोडतो, हे मोजण्यासाठी जे लोक स्वयंचलित लँडर (तळावर जाऊन बसणारी आणि काम झालं की वर येणारी उपकरणांची चौकट) वापरतात, त्यांच्या वाट्याला ही तक्रार कधी ना कधी येतेच. लँडर सुखरूप हाती लागतो, लॉगर (नोंदी साठवणारं यंत्र) भरलेला असतो, आणि आलेख उघडून बघावा तर चेंबरमधल्या, म्हणजे गाळात रुतवून वरून झाकण लावायच्या बिनतळाच्या पेटीतल्या, ऑक्सिजनची रेघ सपाट. ती उतरायला हवी, कारण कोंडलेल्या पाण्यातला ऑक्सिजन गाळ खात राहतो. मग सगळे ऑप्टोडवर, म्हणजे ऑक्सिजन मोजणाऱ्या प्रकाशीय सेन्सरवर, तुटून पडतात. बहुतेक वेळा हा प्रकार चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यातला असतो. हा बिघाड वारंवार निस्तरल्यावर मी ऑप्टोडकडे जवळजवळ शेवटी बघायला लागलो. खाली तोच क्रम दिला आहे. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसा लागत नाही, पुढच्यांना वेळ लागतो, आणि शेवटच्यांना तुमचे हात न लागलेलेच बरे.

लक्षणं नीट ओळखा

"ऑक्सिजन उतरला नाही" या एका वाक्याखाली निदान पाच वेगळे प्रकार लपलेले असतात, म्हणून आलेखाचा आकार आधी बघा.

- रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट, पण बाहेरच्या सेन्सरसारखीच बारीक थरथरणारी. हा चेंबर बंदच झालेला नाही.
- आधी नीट उतार, मग हळूहळू वाकून सपाट. कुठेतरी पाणी मुरतंय.
- उताराऐवजी चढ. हवा अडकली आहे, किंवा तळ इतका उथळ आहे की उजेड पोचून शैवाल ऑक्सिजन तयार करतंय.
- पायऱ्या-पायऱ्यांची रेघ, मधेच उड्या. पाणी ढवळलं जात नाहीये.
- रेघ अगदी इस्त्री केलेली, थरथर नावालाही नाही, तापमान बदललं तरी आकडा तोच. इथे मात्र सेन्सर किंवा त्याची केबल संशयित.

चेंबर बंद झाल्याची खूण उताराच्याही आधी दिसते. उघड्या चेंबरात बाहेरच्या प्रवाहाचे छोटे छोटे हेलकावे नोंदले जातात. झाकण बसलं की ते थांबतात आणि रेघ एकदम शांत होते. झाकण बंद व्हायच्या वेळेच्या आसपासचा अर्धा तास मोठा करून बघा. तिथे रेघेचा पोत बदललेला दिसला नाही, तर पुढचा निम्मा शोध वाचला.

पाण्याचा पाइप हातात घेण्याआधी

ही तपासणी फुकट आहे, पण एकदाच करता येते. लँडर डेकवर टेकला की कोणीतरी उत्साहाने पाइप घेऊन त्याला धुवायला धावतं. त्याला थांबवा. चेंबरच्या बाहेरच्या भिंतीवर गाळाची एक रेघ उठलेली असते. चेंबर किती खोल रुतला होता आणि सरळ रुतला होता का, हे तिच्याइतकं खरं दुसरं काहीच सांगत नाही. चारही बाजूंनी पट्टी धरून फोटो काढा. एका बाजूला रेघ आठ सेंटिमीटरवर आणि समोरच्या बाजूला दोनवर असेल, तर चेंबर कलला होता आणि त्या उथळ बाजूच्या कडेखालून पाणी आरपार जात होतं. खालच्या कडेवर बोट फिरवून बघा. शिंपल्याचा तुकडा, खडा, ओरखडा यातलं काही लागलं, तर तिथेच फट राहिली असण्याची शक्यता मोठी.

रेघच उठलेली नसेल तर चेंबर रुतलाच नाही. कडक वाळू, खडी, मँगनीजच्या गाठी असलेला तळ, सगळीकडे हे होतं. उलट फार मऊ गाळात पूर्ण लँडरच खाली बसतो आणि झाकणाखाली पाण्याची जागा उरत नाही. तेव्हा ऑक्सिजन फार झपाट्याने पडतो, आणि पाण्याच्या नेहमीच्या उंचीने हिशेब केला तर गाळाच्या ऑक्सिजन ओढण्याचा आकडा कैच्या कै फुगतो.

कागदावरचा हिशेब: उतार किती यायला हवा होता?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि कित्येक "बिघाड" इथेच संपतात. गाळाने ऑक्सिजन ओढण्याचा वेग भागिले चेंबरमधल्या पाण्याची उंची, एवढंच गणित आहे. पाणी १५ सेंटिमीटर उंच आहे असं धरा. किनाऱ्याजवळचा गाळ दर चौरस मीटरला दिवसाला ५ मिलिमोल ऑक्सिजन घेत असेल, तर चेंबरमधली पातळी दिवसाला सुमारे ३३ मायक्रोमोलरने (लिटरमागे ३३ मायक्रोमोलने) उतरेल, म्हणजे तासाला दीडच्या आत. खोल समुद्राच्या मैदानावर हाच वेग १ मिलिमोल किंवा त्याहून कमी असू शकतो. मग पूर्ण दिवसाचा उतार जेमतेम ७ मायक्रोमोलर. सहा तासांच्या मुक्कामात तो दोनाच्या आत राहणार, आणि आलेखाचा उभा अक्ष शून्य ते तीनशे असेल तर ती रेघ सपाट दिसण्याशिवाय दुसरं काय होणार?

अशा वेळी यंत्र उघडायचं नसतं, मुक्काम वाढवायचा असतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे ४,००० मीटर खोलीवरच्या 'स्टेशन एम' इथे २०११ पासून काम करणारा 'बेंथिक रोव्हर २' हा फिरता यंत्रमानव आपले दोन चेंबर गाळात उतरवून ४८ तास एका जागी बसतो आणि मग १० मीटर पुढे सरकतो. एवढा वेळ तो उगीच घालवत नाही. गाळच तितका सावकाश श्वास घेतो.

घड्याळं आणि दुरुस्त्या

लॉगरला एक घड्याळ असतं, पाण्याचे नमुने ओढणाऱ्या सिरिंजच्या कंट्रोलरला दुसरं, बाहेरच्या सेन्सरला तिसरं. त्यातलं एखादं स्थानिक वेळेवर आणि बाकीची जागतिक वेळेवर लावलेली असली, की झाकण बंद होण्याआधीचे तास "बंद चेंबर" म्हणून मोजले जातात. पाण्यात शिरतानाची तापमानाची घसरण आणि तळ गाठल्यावर दाबाची थांबलेली रेघ या दोन खुणा जुळवून सगळ्या फायली एका वेळेवर आणा. दहा मिनिटांचं काम.

मग क्षारता. बऱ्याच ऑप्टोडमध्ये क्षारतेचा एक आकडा आतच साठवलेला असतो. तो शून्य असेल तर गोड्या पाण्याचं उत्तर मिळतं, जे समुद्राच्या पाण्यापेक्षा साधारण २० टक्क्यांनी जास्त असतं. तो ३५ असेल आणि तुमच्या प्रोग्रॅमनेही पुन्हा क्षारतेची दुरुस्ती लावली, तर चूक दुसऱ्या बाजूला जाते. दाबाचंही तसंच. ऑप्टोड दर हजार मीटरला ३ ते ४ टक्के कमी दाखवतो, आणि वर आला की पूर्ववत होतो.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. या सगळ्या चुका गुणाकाराच्या आहेत. त्यांनी उतार दहा-वीस टक्क्यांनी लहान-मोठा होईल, शून्य होणार नाही. म्हणजे रेघ सपाट असेल तर कॅलिब्रेशनच्या आकड्यांत रात्र घालवण्यात अर्थ नाही. लोक नेमकी तिथेच घालवतात, कारण ते काम खुर्चीत बसून करता येतं.

सिरिंज काय म्हणतात ते ऐका

आता खरी तपासणी. चेंबरच्या सिरिंजांनी ठराविक वेळाने पाणी ओढून ठेवलेलं असतं. त्यातला सिलिकेट, अमोनियम आणि विरघळलेला अकार्बनी कार्बन मोजा. गाळ ऑक्सिजन खातो तेव्हा साधारण त्याच मापाचा अकार्बनी कार्बन बाहेर टाकतो. प्रमाण अगदी एकास एक नसतं, पण दहापटीचा फरक पडत नाही. सिलिकेट तर बहुतेक गाळांतून वरच येतो.

कार्बन आणि सिलिकेट चढतायत पण ऑक्सिजन सपाट आहे, तर चेंबर ठीक आहे आणि दोष ऑप्टोडचा. सगळेच सपाट असतील तर ऑप्टोड खरं बोलतोय आणि चेंबर गळतोय. सेन्सर, केबल आणि लॉगर उघडून दोन दिवस घालवण्याआधी प्रयोगशाळेतला हा अर्धा दिवस खर्च करा.

ब्रोमाइडचा माग ठेवण्याची सोय असेल तर निकाल आणखी स्वच्छ लागतो. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड मुळातच सुमारे ०.८४ मिलिमोलर असतो. ३० बाय ३० सेंटिमीटरच्या चेंबरात १५ सेंटिमीटर पाणी म्हणजे साडेतेरा लिटर. झाकण बंद झाल्यावर त्यात एक मोलर द्रावणाचे १० मिलिलिटर सोडले, तर ब्रोमाइड जवळजवळ दुप्पट होतो. किती चढला यावरून चेंबरमधलं पाणी किती होतं ते कळतं, म्हणजे गाळाच्या रेघेवरून काढलेल्या उंचीची परस्पर खातरजमा होते. नंतर तो किती वेगाने उतरला यावरून गळती कळते. थोडा उतार चालतो, कारण ब्रोमाइड गाळाच्या छिद्रांतही झिरपतो आणि बिळं करणारे किडे त्याला खाली ओढतात. पण काही तासांत तो बाहेरच्या पातळीला आला, तर वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

गळतीचा आकडाही काढता येतो. वरचंच उदाहरण घ्या. दिवसाला ३३ मायक्रोमोलर उतरायला हवेत, आणि चेंबरमधल्या पाण्याइतकं पाणी दर दहा तासांनी आत-बाहेर होतंय. मग ऑक्सिजन बाहेरच्यापेक्षा सुमारे १४ मायक्रोमोलर खाली जाऊन तिथेच थांबेल. लक्षणांमधला "आधी उतार, मग सपाट" तो हाच. अशा नोंदीचा पहिला तास-दीड तास वापरता येण्याजोगा असतो, बाकीचा सोडून द्यावा लागतो.

हवा

ऑक्सिजन चढत असेल आणि तळ अंधारात असेल, तर हवेशिवाय दुसरा आरोपी सहसा नसतो. झाकणाच्या आतल्या बाजूच्या खाचा, स्क्रूची भोकं, सिरिंजच्या नळ्या, ढवळणीची बैठक या जागांत हवा दडून बसते. दहा मिलिलिटर हवेत, म्हणजे दोन चमचे हवेत, सुमारे ८७ मायक्रोमोल ऑक्सिजन असतो. साडेतेरा लिटरमध्ये तो विरघळला की पातळी साडेसहा मायक्रोमोलरने चढते. खोल समुद्रातल्या गाळाने दिवसभरात खाल्लेला ऑक्सिजन दोन चमचे हवेने परत भरून काढला. रेघ सपाट!

उपाय सोपा आहे. नळ्या आधीच समुद्राच्या पाण्याने भरून घ्या, झाकणाच्या आतल्या आंधळ्या भोकांना आरपार वाट करून द्या, आणि पृष्ठभागाखाली काही मीटरवर लँडर थोडा वेळ टांगून हलवा. सिरिंज वर आल्यावर तिच्यात बुडबुडा दिसला तर तो झटकून टाकू नका, नोंद करा.

ऑक्सिजन मुळातच कमी असलेल्या पाण्यात, म्हणजे अरबी समुद्राच्या मधल्या थरात किंवा पेरूच्या किनाऱ्यासमोर, चेंबरचं प्लास्टिकही दगा देतं. डेकवर असताना त्यात मुरलेला ऑक्सिजन तळावर हळूहळू बाहेर येतो. अशा ठिकाणी चेंबर तळावर उघडा ठेवून बराच वेळ थांबल्याशिवाय झाकण लावू नये.

ढवळणी

चेंबरमधलं पाणी सारखं ढवळत राहिलं पाहिजे. गाळाला लागून पाण्याचा एक अगदी पातळ, जवळपास स्थिर थर असतो, साधारण मिलिमीटरचा काही भाग ते एक मिलिमीटर जाडीचा. ऑक्सिजनला तो थर ओलांडून जावं लागतं. ढवळणी थांबली की थर जाड होतो, गाळाची उपासमार होते आणि वर बसवलेल्या ऑप्टोडला खालचा बदल कळतच नाही. शिवाय सोडलेलं ब्रोमाइडचं द्रावण जड असल्याने तळाशी जाऊन बसतं आणि मागाचे आकडेही बिघडतात. उलट फार जोरात ढवळलं तर गाळ उडतो आणि ऑक्सिजन खोटाच झपाट्याने पडतो.

बऱ्याच ढवळण्या भिंतीपलीकडच्या चुंबकाने फिरतात. मोटर फिरत असते, पातं नाही. म्हणून मोटरचा आवाज ऐकून समाधान मानू नका. बादलीत चेंबर बुडवून आत रंगाचा थेंब सोडा आणि डोळ्यांनी बघा. लॉगरमध्ये मोटरच्या करंटची नोंद असेल तर आणखी चांगलं. करंट वाढलेला म्हणजे गाळ अडकलाय, नेहमीपेक्षा कमी म्हणजे चुंबक सुटलाय.

झाकण आणि बॅटरी

वर आलेल्या लँडरचं झाकण बंद दिसतं म्हणून ते वेळेवर बंद झालं असं नाही. कधी ते वर येताना पाण्याच्या दाबाने बसतं. थंडीत बॅटरी मोकळी असताना चांगला व्होल्टेज दाखवते आणि झाकणाच्या मोटरने एकदम करंट मागितला की मान टाकते. खोल तळावर पाणी बहुतेक २ ते ४ अंशांवर असतं आणि अल्कलाइन सेल तिथे चटकन दमतात. बॅटरी पॅक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच थंडीत झाकण पाच-सहा वेळा चालवून व्होल्टेज किती खाली जातो ते बघा. टेबलावर, खोलीच्या तापमानात केलेली चाचणी इथे काही कामाची नाही.

झाकणाची ओ-रिंग (फट बंद करणारं रबरी कडं) काढून नखाने चाचपा. चपटी झालेली, चीर पडलेली किंवा केस चिकटलेली ओ-रिंग बदलायला काही लागत नाही. ग्रीस पातळ लावायचं. जास्त लावलेल्या ग्रीसला वाळू चिकटते आणि तीच पुढे फट करते.

आता ऑप्टोड

इथवर सगळं ठीक निघालं तरच. आदल्या दिवशी ऑप्टोड पाण्यात भिजत ठेवा, त्याच्या टोकावरची ऑक्सिजन ओळखणारी फिल्म कोरडी असली तर स्थिर व्हायला वेळ घेते. मग दोन बिंदू तपासा. बादलीभर पाण्यात मत्स्यालयाच्या पंपाने हवा सोडा, पाणी स्थिर होऊ द्या, आणि त्या तापमानाला आणि हवेच्या दाबाला जेवढा ऑक्सिजन असायला हवा तेवढा दिसतो का बघा. गोड्या पाण्यात २० अंशांना तो सुमारे २८४ मायक्रोमोलर असतो. मग दुसऱ्या भांड्यात सोडियम सल्फाइट विरघळवून शून्य बघा, आणि नंतर ऑप्टोड भरपूर पाण्याने धुवा, कारण उरलेलं सल्फाइट पुढच्या मापातला ऑक्सिजन खातं. जमलं तर एखादा नमुना विंकलरच्या रासायनिक पद्धतीने तपासा. १८८८ सालची ही पद्धत आजही पंच म्हणून उभी राहते.

फिल्मवर बुळबुळीत थर असेल तर तो मऊ कापडाने पुसा, खरवडू नका. त्या थरातले जिवाणू स्वतःच ऑक्सिजन खातात आणि ऑप्टोड खरोखरच्यापेक्षा कमी दाखवतो. दोन्ही बिंदू बरोबर येऊनही समुद्रात आकडा गोठत असेल, तर केबल आणि कनेक्टर. पिना हिरव्या पडल्या आहेत का, खालच्या बाजूला ओल आहे का, केबल वाकवल्यावर आकडा उडी मारतो का, एवढं बघा.

तळच चुकीचा असेल तर

रेताड तळावर वाळूतून पाणी सहज आरपार जातं. चेंबरची भिंत कितीही खोल घातली तरी तिच्याखालून देवघेव चालू राहते, आणि चेंबर लावल्याने वाळूतला नैसर्गिक प्रवाहही बदलतो. तिथे दुरुस्त करण्याजोगं काही नसतं. एडी कोरिलेशनची पद्धत, जी पीटर बर्ग आणि सहकाऱ्यांनी २००३ साली गाळाच्या ऑक्सिजनसाठी मांडली, ती अशा तळासाठी योग्य. ती काहीच झाकत नाही, वरून वाहणाऱ्या पाण्याच्या भोवऱ्यांबरोबर ऑक्सिजन वर-खाली कसा जातो ते मोजते.

इथे हात मागे घ्या

सेन्सरच्या किंवा बॅटरीच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे दाब झेलणाऱ्या बंद डब्यात, पाणी शिरल्याची शंका आली, तर उघडू नका. खोलवर आत शिरलेलं पाणी वर येताना आतच अडकू शकतं, आणि मग झाकणामागे मोठा दाब साठलेला असतो. स्क्रू ढिले करताच झाकण गोळीसारखं सुटतं. आत लिथियम सेल असतील आणि हाउसिंग गरम लागत असेल किंवा फुगल्यासारखं दिसत असेल, तर सगळ्यांना लांब करा, झाकणाच्या समोर कोणालाही उभं राहू देऊ नका आणि जहाजावरच्या सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा. दाब सोडण्याचं काम ज्याला ते शिकवलंय त्यानेच करायचं.

ध्वनीवर चालणारं रिलीज (इशारा मिळताच वजन सोडून लँडरला वर येऊ देणारं), टवका उडालेला, लँडरला तरंगवणारा काचेचा गोळा आणि ओ-रिंगच्या खाचेत ओरखडा पडलेलं टायटेनियम हाउसिंग, यांतलं काहीही जहाजावर दुरुस्त करायचं नाही. पहिल्यात बिघाड राहिला तर लँडर परत येत नाही. काचेचा गोळा खोलवर फुटला तर शेजारचेही घेऊन जातो.

ऑप्टोडची फिल्म बदलणं काही मॉडेलमध्ये घरच्या घरी होतं, पण बदलल्यावर अनेक तापमानांना आणि अनेक पातळ्यांना कॅलिब्रेशन करावं लागतं, ते उत्पादकाच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या टाकीतच. पाठवताना नुसतं यंत्र पाठवू नका. सोबत दुरुस्त्या न लावलेली कच्ची फाइल, फिल्मचा क्रमांक, आत साठवलेले गुणांक आणि क्षारतेचा आकडा, दोन बिंदूंच्या चाचणीच्या नोंदी आणि चेंबरच्या भिंतीवरच्या गाळाच्या रेघेचे फोटो द्या. नाहीतर "तपासलं, दोष आढळला नाही" अशी चिठ्ठी लावून ते महिन्याभराने परत येतं.